पोटरीपासून सुरुवात करा: वयस्कर माणसांसाठी पायांचं स्ट्रेचिंग, चालणं आणि रक्तप्रवाह सुधारण्यासाठी

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कोणी "जरा स्ट्रेचिंग करत जा" म्हटलं की बहुतेक जण काय करतात, खुर्चीत बसून मान इकडेतिकडे फिरवतात, हात वर करतात, खांदे गोल गोल फिरवतात आणि झालं. वाईट काहीच नाही त्यात. पण तुमची तक्रार जर "थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात", "पाय गार पडतात", "पूर्वीसारखी ढांग पडत नाही" अशी असेल तर मान फिरवून पायाला काय मिळणार? त्यासाठी पायावरच काम करायला लागतं आणि पायातही सगळ्यात आधी पोटरी आणि घोटा. ज्यांनी आयुष्यात कधी स्ट्रेचिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय, किंवा आईवडिलांकडून, सासूसासऱ्यांकडून करून घ्यायचंय अशांसाठी. सामान म्हणाल तर एक मोकळी भिंत, एक न हलणारी खुर्ची आणि एक लांब टॉवेल, बास.

पोटरीच का

रक्त पायात उतरायला सोपं, वर चढायला अवघड. ते वर ढकलायचं मोठं काम पोटरीचे स्नायू करतात, म्हणजे चालताना पोटरी आवळली की आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं आणि शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. आता घोटाच आखडलेला असेल तर पाऊल नीट वाकत नाही, टाच ते चवडा असं पाऊल पडत नाही, माणूस सपाट पाय आपटत किंवा घासत चालतो आणि पोटरीचा हा पंप अर्धाच चालतो.

हे झालं वर जाणाऱ्या रक्ताचं. खाली येणाऱ्या रक्ताचा, म्हणजे धमन्यांचा पण स्ट्रेचिंगशी संबंध आहे. स्नायू ताणून धरला की त्यातला रक्तप्रवाह थोडा कमी होतो, सोडला की एकदम जोरात वाहतो, आणि रक्त असं जोरात घासून गेलं की धमनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं ज्याने धमनी सैल होऊन पसरते. वय वाढतं तसं हे अस्तर आळशी होत जातं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१८ मधे आला, त्यात म्हाताऱ्या उंदरांच्या पोटऱ्या रोज ३० मिनिटं, आठवड्याला ५ दिवस, असं ४ आठवडे ताणून ठेवल्या होत्या आणि त्या स्नायूंतला रक्तप्रवाह आणि बारीक केशवाहिन्या दोन्ही वाढल्या. पुढच्या वर्षी पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या थोड्या पेशंटवरचा अभ्यास आला. घोट्याला स्प्लिंट (पाऊल वाकवून पोटरी ताणलेली धरून ठेवणारा आधार) बांधून तेवढाच वेळ, तेवढेच आठवडे. गुडघ्यामागच्या धमनीची पसरायची क्षमता सुधारली आणि ६ मिनिटांच्या चालण्याच्या टेस्टमधे ते जास्त अंतर गेले.

हे वाचून कोणी भिंतीला अर्धा तास टेकून उभं राहू नका हं, ते लोक स्प्लिंट लावून बसलेले होते. आपण तुकड्या-तुकड्याने करणार आहोत.

सुरू करायच्या आधी, हे मात्र टाळू नका

लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण वयस्कर माणसाच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागतेय, लाल झालीय, दाबल्यावर दुखतेय, तर स्ट्रेच करायचं नाही, चोळायचं तर अजिबातच नाही. शिरेत रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सरळ इमर्जन्सी.

पावलावर जखम आहे आणि भरतच नाहीये, बोटं काळीनिळी पडलीयत, किंवा रात्री झोपल्या जागी पाऊल दुखतं आणि पलंगावरून खाली सोडलं की बरं वाटतं, ही रक्तपुरवठा फारच कमी पडल्याची लक्षणं आहेत. इथे व्यायाम नंतर, तपासणी आधी.

चालल्यावर ठराविक अंतराने पोटरी दुखते आणि थांबल्यावर काही मिनिटांत कमी होते, असं असेल तर "वयामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टर घोट्याचा बीपी आणि दंडाचा बीपी मोजून दोघांचं गुणोत्तर काढतात, सुई नाही काही नाही, आणि तो आकडा ०.९ किंवा त्याखाली आला तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं धरतात. (डायबेटिस खूप वर्षांचा असेल तर धमन्या कडक होऊन हा आकडा उगाच जास्त येऊ शकतो, मग वेगळी टेस्ट करतात.) एक खूण घरच्या घरी पण बघता येते. नुसतं उभं राहिलं तरी दुखणं थांबतं की बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय थांबतच नाही? दुसरं असेल तर दुखणं कंबरेच्या मणक्यातून येत असण्याची शक्यता जास्त. दोन्हीचे उपाय वेगळे, म्हणून डॉक्टरला हे नीट सांगा.

औषधांचं पण बघा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिकने टाचेमागची जाड शीर (रक्ताची नाही, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी) कमजोर होऊन तुटू शकते, साठीच्या वर आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका अजून जास्त, आणि कोर्स संपल्यावर काही महिने पण तो राहू शकतो. तर असा कोर्स चालू असेल किंवा नुकताच झाला असेल तर पोटरी ताणायच्या आधी डॉक्टरला विचारा, आणि टाचेमागे दुखायला लागलं तर लगेच थांबा. दुसरं म्हणजे बीपीची ॲम्लोडिपिन. तिने घोट्याला सूज येते बऱ्याच जणांना, ती सूज स्ट्रेचिंगने जाणार नाही. स्वतःच्या मनाने गोळी बंद मात्र करू नका.

खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हाडं ठिसूळ झालेली, मधे कधी अटॅक किंवा पॅरालिसिस येऊन गेलेला, अशांनी आपल्या फिजिओला विचारून यातलं काय करायचं ते ठरवा.

जागा आणि तयारी

खुर्ची चाकांची नको, हात असलेली असेल तर उत्तम, आणि तिची पाठ भिंतीला लावून ठेवा. जमीन कोरडी, पायात घट्ट बसणारे बूट. नुसते मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभं राहायचं नाही, पाय पटकन घसरतो. डायबेटिस असेल तर अनवाणी नको आणि झाल्यावर एकदा तळवे, बोटांच्या बेचक्या बघून घ्या, कारण पायाला बधीरपणा असेल तर घासलेलं, सोललेलं कळतच नाही.

वेळ कुठलीही चालते. फक्त झोपेतून उठल्या उठल्या नको. उठल्यावर बीपी पटकन खाली जाऊन गरगरतं, शिवाय अंगही कडक असतं.

पायरी १: अंग गरम करा

५ मिनिटं घरातल्या घरात चाला. चालवत नसेल तर खुर्चीत बसून दोन्ही टाचा उचला, मग चवडे उचला, टाचा, चवडे, असं २०-३० वेळा, आणि नंतर घोटे गोल फिरवा दोन्ही दिशांनी. दिवसभर खुर्चीत बसून राहणाऱ्यांनी हे टाचा-चवडे तासातासाने केलं तरी संध्याकाळची सूज कमी वाटते, कारण पोटरीचा पंप बसल्याजागी एवढ्यानेही चालतो. थंड स्नायू एकदम ताणू नका.

पायरी २: भिंतीला टेकून पोटरी

बाकी सगळं राहिलं तरी हे सोडायचं नाही.

१. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहा, तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला टेकवा.

२. एक पाय एक पाऊल मागे न्या. दोन्ही पायांची बोटं सरळ भिंतीकडे.

३. मागचा गुडघा सरळ, मागची टाच जमिनीला चिकटलेली. आता पुढचा गुडघा हळूहळू वाकवत अख्खं अंग भिंतीकडे न्या, कंबरेतून मोडायचं नाही.

४. मागच्या पोटरीच्या वरच्या जाड भागात ओढ लागेल. ओढ लागली की तिथेच थांबा, अजून पुढे रेटायचं नाही. ३० सेकंद.

५. सावकाश परत या, पाय जरा सैल सोडा, मग दुसरा पाय. प्रत्येक पायाला २-३ वेळा.

३० सेकंद म्हणजे घड्याळातले ३०, मनातल्या मनात भरभर मोजलेले नाहीत. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन वयस्कर लोकांना ३० ते ६० सेकंद धरायला सांगते, तरुणांपेक्षा जास्त, आणि माझ्या मते सगळे चुकतात ते इथेच. १० सेकंदात सोडलेला स्ट्रेच म्हणजे नुसती हजेरी. फोनवर टायमर लावा, बास.

आणि लबाडी कुठे होते सांगू? मागच्या पायात. आमचे सासरे करायला लागले तेव्हा म्हणायचे मला काही ओढच लागत नाही, मी रबरासारखा आहे. मागून बघितलं तर मागचं पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं आणि टाच जमिनीपासून जरा उचललेली, त्यांना स्वतःला पत्ताच नाही. मग पाऊल सरळ केलं, टाचेखाली वहीचा कागद सरकवला आणि म्हटलं "बाबा, हा मी ओढणार, निघता कामा नये." पहिल्यांदा कागद सर्रकन निघून आला. टाच दाबून धरल्यावर मात्र "अगं अगं थांब" सुरू झालं. कागदाची ही युक्ती घरात कोणी सोबत असेल तर जरूर करा, आरशापेक्षा बरी.

पायरी ३: तेच, पण गुडघा वाकवून

पोटरीत एकावर एक दोन स्नायू आहेत. वरचा गुडघ्याच्याही वर जाऊन चिकटतो म्हणून तो गुडघा सरळ ठेवला की ताणतो, खालचा गुडघ्याखालीच सुरू होतो, त्याला ताणायला गुडघा वाकवावा लागतो. म्हणून वरच्याच पोझिशनमधे मागचं पाऊल थोडं जवळ घ्या आणि टाच न उचलता मागचा गुडघा पण वाकवा. आता ओढ खाली, टाचेच्या जरा वर लागेल. पुन्हा ३० सेकंद, दोन्ही पाय. उभं राहून, चालून जास्त मेहनत हा खालचा स्नायू करत असतो आणि लोक नेमका तोच विसरतात.

जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून टाचा खाली सोडायचा स्ट्रेच बऱ्याच व्हिडिओत दाखवतात. ताण छान बसतो त्याने, पण नव्या वयस्कर माणसाला मी तो सांगणार नाही. तोल गेला तर सरळ जिन्यावरून खाली.

उभं राहणं जमत नसेल तर

पलंगावर पाठीला उशी लावून बसा, एक पाय सरळ, टॉवेल चवड्याभोवती अडकवून दोन्ही टोकं हातात. बोटं आपल्याकडे येतील असं हळू ओढा, गुडघा सरळ. नंतर गुडघ्याखाली गुंडाळलेली चादर ठेवून थोडा वाकवून तेच करा म्हणजे दोन्ही स्नायू होतात. यात पडायची भीती नाही, त्यामुळे एक एक मिनिट धरून ४-५ वेळा करायला हरकत नाही, गाणी ऐकत करा. टॉवेलच्या जागी दोरी किंवा पातळ पट्टा घेऊ नका, तळव्यात रुततो.

पायरी ४: मांडीची मागची बाजू

खुर्चीच्या पुढच्या कडेला बसा पण कडेवरच अधांतरी नाही, एक पाय वाकलेला जमिनीवर, दुसरा पुढे सरळ, टाच जमिनीला, बोटं वर. आता पाठ ताठ ठेवून खुब्यातून थोडं पुढे या. मांडीच्या मागे ओढ लागली की पोचलात. हात पायाच्या बोटांना लावायची काही शर्यत नाहीये, त्या नादात पाठीची कमान होते, मांडीला काही मिळत नाही आणि हाडं ठिसूळ असतील तर मणक्याला त्रास. खुबा बदललेला असेल तर इतकं पुढे झुकणं चालतं का ते आधी सर्जनला विचारा.

पायरी ५: जांघेची पुढची बाजू

चालताना मागे राहिलेला पाय खुब्यातून जरा मागे जायला लागतो, तरच पाऊल लांब पडतं. वर्षानुवर्षं बसून बसून जांघेपुढचे स्नायू आखूड होतात, पाय मागे जातच नाही, मग माणूस किंचित पुढे वाकून बारीक बारीक पावलं टाकतो. म्हातारपणाची चाल आपण जिला म्हणतो त्यात या आखडलेल्या खुब्याचा बराच वाटा असतो.

खुर्चीची पाठ बाजूला एका हाताने धरा. एक पाय पुढे, एक मागे, मागची टाच उचलली तरी चालेल इथे. पोट आत, ढुंगण आवळा, आणि कंबर मागे न वाकवता अख्खं धड थोडं पुढे न्या. मागच्या पायाच्या जांघेत ओढ लागली पाहिजे. कंबरेत लागत असेल तर तुम्ही मागे वाकताय, परत सुरुवातीपासून. ३० सेकंद, दोन्ही बाजू. ज्यांना हे जमत नाही आणि कंबरेचा त्रास नाही त्यांनी पलंगावर काही मिनिटं पालथं पडून राहिलं तरी खुबा सरळ व्हायला मदत होते.

पायाची बोटं हाताने मागे वळवून तळवा ताणणं, मांडीची पुढची बाजू, हे पण असतं. जमलं तर करा, नाही केलं तरी चालण्यावर फार फरक पडत नाही.

सगळ्या स्ट्रेचना लागू

झटके द्यायचे नाहीत. ओढ लागावी, कळ येऊ नये. श्वास रोखायचा नाही, रोखून जोर केला की बीपी चढतो, म्हणून धरलेलं असताना कोणाशी तरी बोलत राहा, बोलता येतंय म्हणजे श्वास चालू आहे. आणि आज जेवढं वाकलं तेवढंच उद्या वाकेल असं नाही, थंडीत, रात्री झोप झाली नसेल तर कमीच होतं.

पायरी ६: लगेच चाला

स्ट्रेच करून परत खुर्चीत बसलात तर अर्धं काम राहिलं. घोटा, खुबा मोकळा झालेला असतो तेव्हाच १०-१५ मिनिटं चाला, टाच आधी टेकवत, पाऊल जरासं लांब टाकत.

चालल्यावर पोटरी दुखते आणि डॉक्टरांनी धमन्या अरुंद असल्याचं सांगून चालायला हरकत नाही म्हटलंय, त्यांची पद्धत वेगळी. दुखायला लागलं की लगेच नाही थांबायचं, मध्यम दुखेपर्यंत चालायचं, मग उभं राहून किंवा बसून पूर्ण ओसरू द्यायचं, परत चालायचं. असं थांबण्यासकट ३० मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवत न्यायचं, आठवड्यातून किमान ३ वेळा, किमान १२ आठवडे. या आजारावर व्यायामातला सगळ्यात पक्का उपाय हाच आहे, स्ट्रेचिंग त्याच्या जोडीला, त्याच्या ऐवजी नाही. आणि सिगारेट ओढत असाल तर ती सोडल्याशिवाय बाकी सगळं लंगडंच.

किती दिवस, आणि फरक कसा कळणार

पहिला आठवडा फक्त पायरी १, २ आणि थोडं चालणं. दुसऱ्या आठवड्यात ३ आणि ४, तिसऱ्यात ५. आठवड्यातून ५ दिवस धरा. सगळं मिळून स्ट्रेचिंगला १५ मिनिटांच्या आसपास लागतात. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगते, म्हणजे हे स्ट्रेचिंग त्यातला एक कोपरा आहे हे लक्षात असू द्या.

फरक "बरं वाटतंय" वर सोडू नका, मोजा. खुर्चीपासून ३ मीटरवर जमिनीवर खूण करा. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या वेगाने खुणेपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं, वेळ लिहायची, शेजारी कोणीतरी उभं पाहिजे. १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका जास्त धरतात, तसं असेल तर उभ्याचे स्ट्रेच एकट्याने करू नका. हीच टेस्ट ४ आठवड्यांनी परत. पोटरी दुखणाऱ्यांनी दुखणं किती मिनिटांनी सुरू झालं ते लिहून ठेवा, डॉक्टरला त्याचा खरंच उपयोग होतो.

रात्री पोटरीत गोळा आला तर

झोपायच्या आधी पायरी २ किंवा टॉवेलचा स्ट्रेच करून झोपलं की बऱ्याच जणांचे गोळे कमी होतात. तरी आलाच तर पाय झटकू नका, गुडघा सरळ करून बोटं नाकाकडे ओढून धरा, हात पोचत नसेल म्हणून टॉवेल उशाशीच ठेवा. गोळा सुटला की लगेच ताडकन उठून बाथरूमला पळू नका, आधी दिवा लावा, मिनिटभर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसा, चार वेळा टाचा-चवडे करा आणि मग उठा.